आश्विनातला हात

आमच्या पतसंस्थेत आश्विन लागला हे कळायला कॅलेंडर बघावं लागत नाही. सगळा पितृपक्ष काउंटर सुनासुना असतो. नवीन ठेव नाही, नवीन कर्ज नाही, लोक पासबुक भरून घेतात आणि जातात. घट बसले की दुसऱ्या दिवसापासून काचेखालच्या फटीतून एकामागून एक पावत्या सरकायला लागतात. कुणाला मुदत ठेव मोडायची असते, कुणाला पिग्मी, म्हणजे रोज थोडं थोडं भरलेली ठेव, काढायची असते, कुणी रुमालात बांधून पाटली आणलेली असते तारण ठेवायला. बावीस वर्षं मी या खुर्चीवरून साताऱ्याचा आश्विन बघतेय.

याच दिवसांत ऑफिसातल्या नव्या मुली आणि वाड्यातल्या सुना मला विचारतात, "ताई, तुम्ही दिवाळीचं कसं बसवता?" पैशाचं सांगायला लागले की स्वयंपाकाचं निघतं, स्वयंपाकाचं निघालं की फिरायला कुठं जायचं ते निघतं. मला ती तिन्ही वेगळी काढताच येत नाहीत. शरद म्हणजे वर्षभराचं हाताशी येण्याचे दिवस. शेतातून जे निघालंय ते खावं, जवळ जे फुललंय ते बघावं, आणि वर्षभर जे बाजूला टाकलंय तेवढ्यातच सण करावा, असं माझं ठाम मत झालंय. त्यांना तोंडी सांगते ते यंदा लिहून काढते.

आधी पोटाचं. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मागे सरतो. ढग जातात, जमीन अजून ओली असते, आणि त्या ओलीवर एकदम कडक ऊन पडतं. सकाळी अजिंक्यताऱ्यावर धुकं असतं, दुपारी बाराला डांबराची धग तोंडावर येते, आणि पहाटे पुन्हा पांघरूण ओढावं लागतं. या दिवसांत तोंड येतं, डोळे चुरचुरतात, जेवण झालं की छातीत जळजळ. आयुर्वेद याला शरदातला पित्तप्रकोप म्हणतो. पावसाळ्यात साठलेलं पित्त या उन्हानं खवळतं, असं त्याचं म्हणणं. अष्टांगहृदयात या ऋतूसाठी कडू, गोड आणि तुरट चवी सांगितल्यात. साळीचा भात, मूग, आवळा, पडवळ, साखर, मध हे खावं आणि दही, तेल, ऊन, दिवसाची झोप टाळावी असं म्हटलंय. आमच्या आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात), हा ग्रंथ कधी हातात धरलेला नाही. पण घट बसले की विरजण निम्म्यावर येतं, मूग भिजत पडायला लागतात आणि भातावर तुपाची धार वाढते.

आणि नेमकं याच ऋतूत आपलं वर्षातलं सगळ्यात मोठं तळण येतं. चकली, शेव, कडबोळी, अनारसे. म्हणून दिवाळीआधीचे तीन आठवडे मी घरात जवळजवळ काही तळत नाही. एकदा ही शिस्त लागली की दोन गोष्टी होतात. दिवाळीत चकली खाल्ली तरी पोट तक्रार करत नाही, आणि तेलाचा डबा दिवाळीपर्यंत पुरतो.

या तीन आठवड्यांची आमच्या घरची राणी म्हणजे वाघ्या घेवड्याची आमटी. कोरेगावचा वाघ्या घेवडा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण इकडच्या माणसाला त्याची ओळख द्यावी लागत नाही. राजम्याच्याच जातीचा, पण अंगानं लहान. गुलबट सालीवर तांबूस-तपकिरी पट्टे असतात, म्हणून वाघ्या. खरिपात पेरलेला घेवडा आता निघतो, आणि नव्या घेवड्याची चव आणि वर्षभर डब्यात पडलेल्या घेवड्याची चव यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. जुना घेवडा सहा शिट्ट्या करूनसुद्धा दाण्याला दाणा राहतो. नवा चार शिट्ट्यांत लोण्यासारखा होतो आणि तरी साल फुटत नाही.

पाव किलो घेवडा मी रात्री भिजत घालते. सकाळी बघावं तर दाणे दुप्पट फुगलेले, पट्टे फिके झालेले, आणि पाण्याला तांबूस रंग चढलेला. ते पाणी ओतून टाकायचं. त्यात जीवनसत्त्वं असतात म्हणून काही जणी ठेवतात, पण राजम्याच्या जातीत कच्चेपणी एक घातक द्रव्य असतं, ते पोट चांगलंच बिघडवतं. म्हणून नवं पाणी घालून आधी उघड्या पातेल्यात दहा-बारा मिनिटं खळखळून उकळायचं आणि मग कुकरला लावायचं. मसाल्याला एक कांदा आणि मूठभर सुकं खोबरं तव्यावर कोरडंच भाजायचं. खोबऱ्याचा वास सुटून कडा तांबूस झाल्या की लगेच उतरवायचं, काळं पडलं तर आमटी कडवट होते. त्यात आलं, चार पाकळ्या लसूण, थोडे धने-जिरे घालून पाट्यावर वाटलं तर उत्तम, मिक्सरवर वाटलं तरी चालतं. एरवी मी दोन चमचे कांदा-लसूण चटणी घालते, आश्विनात अर्धा चमचा. तिखटाची उणीव दोन आमसुलं आणि गुळाचा एक खडा भरून काढतात. शेवटी डावभर शिजलेले दाणे कडेला दाबून चुरडायचे, म्हणजे आमटीला आपोआप दाटपणा येतो. ज्वारीची भाकरी, वर तूप. पाच माणसं पोटभर जेवतात आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्या डब्यापुरतं उरतं. उरलेली आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, हे ज्यांच्या घरी केली जाते त्यांना माहीत आहे.

बाकी मग आठवड्यातून दोनदा मुगाचं वरण, कधी पडवळाची भाजी, एखाद्या रविवारी लाल भोपळ्याचे घारगे. तळायचं नाही म्हणते आणि घारगे कसे, असं मुली विचारतात. मी ते तव्यावर थोड्या तुपात भाजते. भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्या ओलाव्यातच मावेल तेवढी कणीक घालायची, वेगळं पाणी घालायचं नाही. घारग्यांचं सगळं गणित तेवढंच.

आता पैशाचं.

आमच्या संस्थेत एक फुलवाली ताई पिग्मी भरतात. मंडईजवळ त्यांचा गाळा नाही, नुसती टोपली आहे. रोज संध्याकाळी आमचा एजंट जातो आणि त्या पन्नास रुपये देतात. पावसात धंदा झाला नाही तर वीस, पण नागा नाही. पिग्मी ही योजना १९२८ मध्ये उडुपीच्या एका बँकेनं काढली, पुढे ती सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. दिवसाला दोन आणे जमा करायची ती सोय होती. रोज कमावणाऱ्या आणि रोज खर्च होणाऱ्या माणसासाठी याच्याइतकी शहाणी योजना मला दुसरी दिसत नाही. व्याज थोडं मिळतं, मान्य आहे. पण पैसा घरात राहिला असता तर राहिलाच नसता.

पहिल्यांदा या ताई दसऱ्याच्या चार दिवस आधी सगळी पिग्मी काढायला आल्या तेव्हा मी त्यांना थांबवायला बघितलं. म्हटलं, "ताई, सणाला सगळे काढू नका, थोडे राहू द्या." त्या म्हणाल्या, "मॅडम, सणाला कुठं काढतेय? हे भांडवल हाय. झेंडू रोखीनं घ्यावा लागतो." दसऱ्याच्या आदल्या रात्री त्या शेतकऱ्यांकडून थेट झेंडू उचलतात. उधारीवर घेतला तर अडत्या सांगेल तो भाव. रोख हातात असली की त्या भाव सांगतात. दसऱ्याच्या दुपारी बारानंतर झेंडूला कुणी विचारत नाही, हे त्यांना माहीत असतं, म्हणून सकाळी दहा वाजेपर्यंत जेवढा विकला जाईल तेवढाच उचलायचा. दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्या काउंटरवर आल्या आणि काढले होते त्याहून जास्त मांडले. एजंट रोज त्यांच्याकडे जातोच, तरी त्या स्वतः आल्या. पैसे मोजताना त्यांच्या बोटांवर झेंडूचा पिवळा-हिरवट डाग तसाच होता.

त्यानंतर मी कुणालाही पैसे काढताना सरसकट अडवत नाही. कशाला काढताय एवढं मात्र विचारते.

मुदत ठेव मोडायला येणाऱ्यांना मी अजूनही थांबवते, आणि त्यांनाही काही तरी वेगळा मार्ग सांगते. तीन वर्षांची एक लाखाची ठेव आहे, दिवाळीला तीस हजार हवेत आणि बोनस किंवा उसाचं बिल दोन महिन्यांत येणार आहे, असं गृहीत धरा. ठेव मोडली तर ठरलेला दर मिळत नाही. जेवढे दिवस ठेवली तेवढ्या मुदतीचा दर लागतो, आणि त्यातूनही बहुतेक ठिकाणी एखादा टक्का कापतात. तो फटका पूर्ण लाखाला बसतो. त्याऐवजी ठेवीवर कर्ज घ्यावं. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. दहा टक्के धरले तरी तीस हजारांना दोन महिन्यांचं व्याज पाचशे रुपये होतं. ठेव जागेवर राहते. कितीतरी लोकांना हा पर्यायच माहीत नसतो, आणि गर्दीच्या दिवसांत काउंटरवरच्या माणसाला ते सांगायला वेळ नसतो. तुम्ही मागून घ्या.

पतसंस्थेत बसून आणखी एक गोष्ट सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, माणशी पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पासून ती मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. आम्ही बँकेपेक्षा दर जास्त देतो, ही गोष्ट खरी आहे, पण त्या जास्तीच्या दरामागे ही जोखीम आहे. म्हातारपणाची सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवायला आलेल्या आजोबांना मी निम्मी बँकेत ठेवायला लावते. आमच्या व्यवस्थापकांना हे माहीत आहे आणि त्यांनी मला कधी अडवलं नाही, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

हे सगळं मी आज सांगते, पण २०१८ च्या दिवाळीत मी स्वतः चुकले होते. फ्रीज जुना झाला होता. बिनव्याजी हप्त्यांची जाहिरात होती, चोवीस हजारांचा फ्रीज, महिना दोन हजार, बारा महिने. घरी आणला, कुंकू लावलं, आत्यांनी त्यात पहिल्यांदा दुधाचं पातेलं ठेवलं. दोन दिवसांनी शेजारच्यांनी तोच फ्रीज त्याच दुकानातून रोखीनं बावीस हजार दोनशेला आणला. म्हणजे अठराशे रुपये सूट मला हप्त्यामुळे मिळालीच नव्हती. त्याशिवाय प्रक्रिया शुल्क चारशे नव्व्याण्णव आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. जवळजवळ चोवीसशे रुपये व्याज मी भरलं होतं, फक्त त्याला व्याज असं नाव नव्हतं. त्यात फेब्रुवारीत खात्यावर रक्कम कमी राहिली, हप्ता परत गेला, आणि दंड दोन्हीकडून बसला, बँकेकडूनही आणि कर्ज देणाऱ्याकडूनही. दिवसभर दुसऱ्यांना हिशोब समजावून सांगणारी बाई मी, मला ते फार लागलं. ह्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, ते व्याज शुल्काच्या रूपात ग्राहकाकडूनच घेतलं जातं. तो मुद्दा मला नंतर कळला. तेव्हापासून दुकानात एकच प्रश्न विचारते, "आत्ता सगळे रोख दिले तर कितीला द्याल?" जो आकडा येईल तो खरा भाव. बाकीचं व्याज.

क्रेडिट कार्डावर दिवाळी करणाऱ्यांना तर हात जोडून सांगते. पूर्ण बिल वेळेवर भरणार असाल तर ठीक. किमान रक्कम भरून पुढे ढकललं तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. वर्षाचे चाळीसेक टक्के होतात. सोनेतारण त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

सोन्याचं विचारतात म्हणून तेही. धनत्रयोदशीला घ्यायचंच असेल आणि ते साठवण म्हणून घ्यायचं असेल, तर साधं वेढणं किंवा नाणं घ्यावं. दागिन्याची घडणावळ मोडताना परत मिळत नाही, जीएसटीही परत मिळत नाही. हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी आकडा असल्याशिवाय घेऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यांवर तो सक्तीचा आहे आणि बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) अॅपवर टाकून लगेच पडताळता येतो. घालायची हौस म्हणून घेत असाल तर मग हौसेला हिशोब लावू नये. बाईला एक दागिना मनासारखा असावा, या मताची मी आहे.

आता खरी युक्ती, जी मला उशिरा सुचली. दिवाळीसाठी वर्षभर आवर्ती ठेव लावावी हे सगळेच सांगतात. मीही भाऊबीज झाली की बारा महिन्यांची आवर्ती ठेव उघडायचे, आणि ती बहुतेक वेळा दिवाळी झाल्यावर हातात यायची. कारण आपली दिवाळी बारा इंग्रजी महिन्यांनी येत नाही. साध्या वर्षी ती अकरा-एक दिवस अलीकडे सरकते. २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ चं २१ ऑक्टोबरला आलं, ३५४ दिवसांनी. ऑक्टोबरचा पगार तेव्हा बहुतेकांच्या हातात नव्हता. आणि अधिक महिना आला की उलटं. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, ३८३ दिवसांनी. एवढं अंतर असलं की लोक मधेच पैसे खाऊन बसतात. म्हणून मी आता आवर्ती ठेव १ सप्टेंबरला उघडते. पुढच्या १ सप्टेंबरला ती मोकळी होते. दिवाळी ऑक्टोबरमध्ये येवो नाहीतर नोव्हेंबरात, पैसा तिच्याआधी घरात असतो. महिना दीड हजार. बारा महिन्यांचे अठरा हजार आणि सहाशे चाळीसच्या आसपास व्याज.

तेवढ्यात दिवाळी बसवायची. माझी एक दोनशे पानी वही आहे, त्यात प्रत्येक दिवाळीचं एक पान. फराळाचं सामान ४,३००. कपडे ६,२००. घरकामाच्या मावशी, घंटागाडीवाले, पेपरवाला यांना मिळून दोन हजार, आणि ही रक्कम मी कधीच कमी करत नाही, कपड्यांतून कमी करते. मावशींना द्यायचं ते दसऱ्यालाच देते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दिलेल्या बोनसनं त्यांच्या घरी फराळ कधी व्हायचा? मावशींनी स्वतःच मला हे एकदा सांगितलं, आणि त्यांचं खरं होतं.

फराळाचं सामान दसऱ्यानंतर लगेच भरते, भाव चढायच्या आत. २०२५ मध्ये बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, तुपाचा आणि सुक्या मेव्याचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात पाकिटावरची जुनी किंमत बघून पैसे देणारे कितीतरी लोक मी वाण्याच्या दुकानात पाहिले. बिल मागा आणि वाचा, एवढंच. चकलीची भाजणी मी घरीच भाजते, किलोभर तांदळाला अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो उडीद, पाव किलो मूग, मूठ-मूठ पोहे, धने, जिरे. विकतच्या चकल्यांच्या एका किलोच्या पैशांत घरच्या दोन-अडीच किलो होतात. वेळ नसेल तर एकच पदार्थ घरी करा, बाकीचे आणा. पण एक घरी करा. सगळं घर त्या वासानं दिवाळीत येतं.

एवढं सगळं बसवल्यावर दोन दिवस मोकळे ठेवायचे. हे मी पैशाच्या कामांइतकंच महत्त्वाचं धरते. सातारकर असूनही कास पठार फक्त बातम्यांत बघणारी माणसं मला माहीत आहेत. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यात कास आहे, साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींच्या जाती तिथं आहेत. सप्टेंबरच्या रविवारी तिथं फुलांपेक्षा माणसं जास्त असतात. मला विचाराल तर दसरा झाल्यावर मधल्या वारी जावं. तेरडा ओसरलेला असतो, गेंद आणि सीतेची आसवं तुरळक उरलेली असतात, पण उतारांवर सोनकी अजून पिवळीधमक असते आणि गवत तांबूस व्हायला लागलेलं असतं. ओसरतं पठार मला भर बहरातल्या पठारापेक्षा जास्त आवडतं. तिथं आवाज ऐकू येतात.

आम्ही सकाळच्या एसटीनं जातो, थेट बामणोलीला. आत्यांचं वय सत्त्याहत्तर, पंचाहत्तरच्या पुढं एसटी फुकट, आणि मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. घाट चढून यवतेश्वर मागं पडलं की एका बाजूला कण्हेर धरणाचं पाणी दिसतं, दुसऱ्या बाजूला उरमोडी धरणाचं, आणि मधल्या सोंडेवरून आपली एसटी चाललेली असते. आत्या दोन्हीकडे बघायला मिळावं म्हणून मधेच जागा बदलतात. पुढे कास तलाव, साताऱ्याला पाणी पाजणारा. मग उतार, आणि उताराच्या शेवटी बामणोलीला कोयनेचा शिवसागर. आश्विनात तो काठोकाठ असतो. पाण्यावर पलीकडचे डोंगर उलटे पडलेले. तरुण मंडळी इथून वन खात्याची परवानगी काढून लाँचनं वासोट्याला जातात, आमच्यासारख्यांना काठ पुरतो.

गेल्या खेपेला काठावर डबा उघडला. आदल्या रात्रीच्या घेवड्याची आमटी आटवून घट्ट केलेली, भाकरीवर वाढून घेतली. बरोबर दोन घारगे, काकडी. ऊन अकरापर्यंत सोसवतं, त्यानंतर सावली गाठायची, आणि चारची परतीची एसटी. खाणं घरचं असल्यामुळे चौघांच्या दिवसाचा खर्च तिकिटांपलीकडे जवळजवळ गेलाच नाही. पण मुलगी अजून त्या दिवसाचं बोलते, कारण पाण्याच्या काठानं एक खंड्या सूर मारून मासा घेऊन गेला आणि तो तिनंच आधी पाहिला.

दुसरी सहल दिवाळीनंतरची, कार्तिकात. आवळी भोजनाची. कार्तिक शुद्ध नवमीला आवळा नवमीही म्हणतात आणि कूष्मांड नवमीही, म्हणजे आवळा आणि कोहळा दोघांचा तो दिवस. त्या नवमीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही आवळ्याच्या झाडाखाली जेवायला जायची आपली रीत. आम्ही संगम माहुलीकडे जातो, कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ, ओळखीच्यांच्या मळ्यात एक आवळा आहे. घाटावर थंड वारा सुटलेला असतो, दगडी देवळांच्या पायऱ्या दुपारीसुद्धा गार लागतात. मुगाची खिचडी, तूप, उरलेला फराळ, आणि झाडाखाली पडलेले आवळे मिठाला लावून.

गेल्या वर्षी तिथंच मी पिशवीतून वही काढली आणि दिवाळीचं पान बेरजेला घेतलं. खर्च सतरा हजार पाचशे झाला होता.

आत्यांनी आवळ्याची फोड तोंडात धरली होती. त्यांनी विचारलं, "किती उरलं?"

"अकराशे चाळीस."

"मग कोरेगावच्या बाईला सांग," त्या म्हणाल्या, "औंदा दोन किलो घेवडा जास्त दे म्हणावं. आणि बियाला म्हणून ठेवलेला देऊ नको, खायचा दे."